शाळेच्या पंपाचं पाणी

सोमवार, ३ फेब्रुवारी

ताई,

घरची खुशाली तुला आईकडून कळतेच, म्हणून ती इथे लिहीत नाही. दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आजही लिहिली नसती. पण काल भुंगीची वही माझ्या हातात आली.

भुंगी म्हणजे आपल्या शेजारच्या वेल्डरकाकांची धाकटी. तुझ्याच वर्गात आहे, आठवी अ. एकदा डोक्यात प्रश्न आला की उत्तर मिळेपर्यंत ती समोरच्याला भुंगा लावते, म्हणून गल्लीत तिचं हे नाव पडलं. काल ती आमच्या पायरीवर बसून रडत होती. मी विचारलं, "काय गं, पडलीस का?" तर म्हणाली, "नाही, माझा प्रयोग चुकला. पण तो चुकलेला नाही."

प्रयोग तूच दिला होतास. दोन बशा, दोन्हींत ओला कापूस, प्रत्येकी दहा वाटाणे. एका बशीत घरच्या नळाचं पाणी, दुसरीत शाळेच्या पंपाचं. आठ दिवस रोज बघायचं आणि लिहायचं. तिने लिहिलं आहे: नळाच्या पाण्यात दहापैकी नऊ वाटाण्यांना मोड आले, पंपाच्या पाण्यात दोन वाटाण्यांना, आणि त्या दोन्हींची मुळं तपकिरी. चित्रही काढलं आहे. खाली तुझा लाल शेरा: "निरिक्षण चुकले. दोन्ही पाणी स्वच्छ आहे. पुन्हा करा."

पहिली गोष्ट, निरीक्षणातला "री" दीर्घ असतो.

दुसरी गोष्ट, निरीक्षण चुकत नसतं. वाटाण्याला पाठ्यपुस्तक वाचता येत नाही, त्यामुळे पुस्तकात काय उत्तर छापलं आहे ते त्याला कळत नाही. त्याला जे पाणी मिळालं तसा तो उगवला, नाहीतर कुजला. तेरा वर्षांच्या मुलीने ते जसं दिसलं तसं लिहिलं, आणि तू तिला सांगितलंस की तुझ्या डोळ्यांपेक्षा माझा लाल पेन खरा.

तिसरी गोष्ट विचारतो. तुमच्या शिक्षकांच्या खोलीत खिडकीखाली पाण्याच्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या असतात ना? घरून आणलेल्या. तुझी निळ्या झाकणाची. पंपाचं पाणी मचूळ लागतं म्हणून तुम्ही ते पीत नाही. एकशे चाळीस पोरं पितात. मग "दोन्ही पाणी स्वच्छ आहे" हे तू कोणत्या घशाने ठरवलंस?

हे मला कसं माहीत, ते विचारू नकोस. मुलीचा शेरा खोडून टाक, आणि पंपाचं पाणी बंद कर. एवढंच सांगायचं होतं.

तुझा भाऊ


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

ताई,

तुझी चिठ्ठी शिपायाने आणून दिली. चारच ओळी. पहिल्या दोन मी पाठ होईपर्यंत वाचल्या: "हा धडा आठवीच्या दुसऱ्या सहामाहीत आहे. तू तोवर थांबला नाहीस."

छान टोला आहे. वेल्डरकाकांना वाचून दाखवला असता तर त्यांनी टाळी दिली असती.

थांबलो नाही, कारण त्या सहामाहीत बाबा गेले आणि घरातल्या एकाला कामाला लागणं भाग होतं. तू कॉलेजात होतीस, हुशार होतीस, म्हणून तो एक मी झालो. हे मी कधी बोलून दाखवलं नाही आणि आता लिहून दाखवतो आहे, याची मला लाज वाटते. पण तू सुरुवात केलीस. तो धडा मी नंतर वाचला, भुंगीच्याच पुस्तकात, तीन वेळा. "वापरूनही जी संसाधने निसर्ग पुन्हा भरून देतो, ती नवीकरणीय. उदाहरणार्थ सूर्यप्रकाश, वारा, पाणी." खाली नदी, ढग आणि बाणांचं चित्र. बाण गोल फिरून परत जमिनीत जातो. जिथे तो बाण जमिनीत शिरतो, तिथे माझा कारखाना आहे. तो त्या चित्रात नाही.

तू लिहितेस की माझ्या बोलण्याला पुरावा नाही, आणि दर वर्षी तू वर्ग घेऊन आमच्याकडे येतेस तेव्हा टाकीतले मासे पोहताना पोरं स्वतः बघतात.

तर आता त्या टाकीबद्दल.

आमच्याकडे कापड रंगतं. रंगाचं, मिठाचं, सोड्याचं पाणी शुद्धीकरणाच्या हौदांतून जातं, आणि शेवटच्या हौदाशी काचेची टाकी आहे. वर पाटी: "शुद्ध केलेल्या पाण्यात जगणारे मासे." पाहुणे टाकीशी आले की फोटो काढतात. तुझी पोरं वहीत लिहितात: मासे जगतात, म्हणजे पाणी शुद्ध. हा निष्कर्ष बरोबर आहे. फक्त टाकीतलं पाणी हौदातलं नाही. ते कारखान्याच्या बोअरचं आहे. भिंतीमागून अर्ध्या इंचाची नळी येते आणि टाकीच्या बुडाशी, शिंपल्यांच्या आड उघडते. बाहेरून दिसत नाही. फार सफाईने केलेलं काम आहे.

हे कोणी केलं, ते विचारू नकोस.

दोन वर्षांपूर्वी तू वर्ग घेऊन आली होतीस तो दिवस मला आठवतो. मी टाकीशी उभा होतो, धुतलेला शर्ट घालून, तू येणार म्हणून. एका मुलाने मला विचारलं, "काका, या टाकीत पाणी कुठून येतं?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात तू म्हणालीस, "त्यांना विचारू नका, ते मदतनीस आहेत. प्रश्न असेल तर मला विचारा." आणि मग तू त्याला उत्तर दिलंस. हौदातून, म्हणालीस. मी तुझा भाऊ आहे हे वर्गातल्या एकालाही कळलं नाही.

म्हणून मी बोलत नाही तुझ्याशी. तू रविवारी आईकडे येतेस तेव्हा मी पाळीवर असतो. पाळी बघूनच येतेस, हेही मला माहीत आहे.

भाऊ


मंगळवार, ११ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या या वेळच्या चिठ्ठीत एक वाक्य बरोबर आहे. तू लिहिलंस: "टाकीत बोअरचं पाणी असेल तर कंपनी खोटी ठरते, आमचा पंप नाही. उलट आमचा पंपही बोअरवरच आहे, मग बोअरच्या पाण्यात मासे जगतात म्हणजे आमचं पाणी चांगलंच."

तू विज्ञान शिकलीस ते दिसतं. तीन महिन्यांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो.

आता सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर मी घाबरून मधलं गाळेन.

टाकी सांभाळणं माझं काम. रोज सकाळी सातला मी आधी टाकी बघतो. गेल्या नोव्हेंबरात, दहा तारखेला, दोन गप्पी मासे उताणे तरंगत होते. गप्पी मासा सहसा मरत नाही. तो गटारातही जगतो. मी ते काढले, कागदात गुंडाळून टाकले आणि बाजारातून दोन नवे आणून सोडले. आठवड्याने चार. मग सहा.

मी काय केलं असेल? मी मासेवाल्याशी भांडलो. त्याला सगळे मुका म्हणतात, कारण तो बोलायचा थांबत नाही. त्याला म्हटलं, "तू मला मरतुकडे मासे देतोस." तो म्हणाला, "अहो दादा, मासा पाण्याबाहेर मेला तर माझा गुन्हा. पाण्यात मेला तर पाण्याचा. माझ्याकडच्या हौदात आजोबा झालेले गप्पी आहेत, त्यांना विचारून बघा." बाजारात चार माणसं हसली. मी तिथेच त्याच्या पिशवीतला एक-एक मासा उजेडात धरून तपासला आणि निवडून घेतले. तेही मेले.

मग मी टाकी घासली. वाळू उकळून धुतली. हवेचा पंप बदलला. नळीला जाळी लावली. खाणं मोजून घालू लागलो. रोज सातच्या आधी येऊन मेलेले काढायचे, नवे सोडायचे, काच पुसायची. आठ वाजता साहेब येत तेव्हा टाकी चित्रासारखी दिसे. तपासनीस येऊन गेले, त्यांनी पाठ थोपटली: "टाकी छान ठेवली आहे हं."

ताई, मी आळशी असतो तर बरं झालं असतं. एखाद्या ऐदी माणसाने मेलेले मासे दोन दिवस तसेच तरंगू दिले असते, कोणीतरी बघितले असते, कोणीतरी विचारलं असतं. माझ्या टापटिपीने तीन महिने खाल्ले. तीन महिने बोअर ओरडून सांगत होता आणि मी रोज सकाळी त्याचं तोंड पुसत होतो.

जानेवारीत मी एक गोष्ट केली, जी पहिल्या दिवशी करायला हवी होती. टाकीत घरच्या नळाचं पाणी आणून भरलं. दोन बादल्या, सायकलवरून. मासे बारा दिवस जगले. मग मुद्दाम पुन्हा बोअरचं सोडलं. तिसऱ्या तासाला पहिला उताणा झाला.

कारखान्याची मागची भिंत ते तुमचा पंप, तीनशे दहा पावलं. मी दोनदा मोजली आहेत. खडक एक, पाणी एक. भुंगीच्या बशीत जे दोन वाटाणे उगवले, त्यांचंच मला नवल वाटतं.

ते पाणी दिसायला नितळ असतं. तोंडात मचूळ लागतं, एवढंच. रंग मातीत अडकतो. मीठ आणि बाकीचं जे काही आहे ते अडकत नाही. हे मी तुझ्याच जुन्या वह्यांतून वाचलं. आईने जपून ठेवल्या आहेत.

आता तरी पंप बंद कर.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

ताई,

तुझी तिसरी चिठ्ठी आली. "तीन महिने गप्प होतास, आणि महिनाभर तर तुला पक्कं माहीत होतं. माझ्या वर्गातली पोरं रोज ते पीत होती. तू मला कोणत्या तोंडाने जाब विचारतोस? आणि बोअर बिघडला कसा, ते का लिहीत नाहीस?"

काल दिवसभर मी याचं उत्तर मनात जुळवत होतो. कामावर दोनदा साहेबांनी विचारलं, "काय रे, लक्ष कुठे आहे?" उत्तर असं जुळवायचं होतं की दोष कोणावर तरी पडावा आणि तो मी नसावा. नाही जुळलं.

कारखान्याच्या मागच्या आवारात एक जुनी विहीर आहे. कारखान्याच्या आधीची. वर पत्र्याचं झाकण, त्यावर रिकामी पिंपं. हौदांची यंत्रं फक्त पाहुणे आणि तपासनीस यायच्या दिवशी चालतात. एरवी एक व्हॉल्व्ह उघडला की रंगाचं सगळं पाणी सरळ त्या विहिरीत जातं. साहेब म्हणतात, "यंत्राला वीज लागते, औषधं लागतात. विहिरीला काय लागतं? हिचं पोट मोठं आहे."

पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, "साहेब, हे पाणी जातं कुठे?"

"खाली."

"खाली म्हणजे कुठे?"

"खाली म्हणजे खाली. तू आठवी ना रे? मग झालं तर."

तो व्हॉल्व्ह मी उघडतो. रोज, पाळी सुटताना, चार वर्षं. भिंतीमागची ती अर्ध्या इंचाची नळीही मीच बसवली. "फार सफाईने केलेलं काम" असं शुक्रवारच्या पत्रात लिहिताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे आज कबूल करतो.

आणि आणखी एक. त्या दिवशी तू मला वर्गासमोर गप्प केलंस, त्याचा राग मी दोन वर्षं पोसला. पण तो मुलगा विचारत होता ते खरं तेच होतं, आणि तू मधे पडलीस तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. तू मला वाचवलंस. मी तुझ्यावर रागावलो, कारण ते स्वतःवर रागावण्यापेक्षा सोपं होतं.

म्हणून मी तुझा राग ऐकून घेतो. पण माझं चुकलं म्हणून तुझं बरोबर होत नाही. मी घाबरट आहे; लहानपणापासून कुलूप तीनदा ओढून बघणारा, तुला माहीत आहे. तू तर घाबरट नव्हतीस. तुझ्याकडे खडू होता, फळा होता, चाळीस पोरं तुझं ऐकतात. पाणी मचूळ लागतं हे तुला जिभेने कळलं होतं. तू घरून बाटली नेलीस आणि पोरांना बाणांचं चित्र शिकवलंस. आपण दोघांनी मिळून हे केलं. मी व्हॉल्व्ह उघडला, तू शेरा मारलास.

तू विचारलंस, काय करू. चिठ्ठीच्या शेवटी, बारीक अक्षरात, खोडून पुन्हा लिहिलेलं दिसतं आहे. मी सोमवारी सुट्टी घेतो. बाजारातून दहा मासे आणि दोन काचेच्या बरण्या घेऊन येतो. एकीत आमच्या नळाचं पाणी, दुसरीत तुमच्या पंपाचं. सकाळी पहिल्याच तासाला ठेवू. पोरांना बघू दे. आणि मुख्याध्यापकांना आधी सांगू नकोस, नाहीतर बरण्या फाटकाबाहेरच राहतील.


सोमवार, १७ फेब्रुवारी

ताई,

सकाळी तू मला वर्गात घेतलंस आणि म्हणालीस, "हा माझा भाऊ. आज हा शिकवणार आहे." मी बरण्या पुसत बसलो. नंतर दुसऱ्या तासाला मुख्याध्यापकांनी तुला बोलावून घेतलं आणि तू मधल्या सुट्टीपर्यंत परत आली नाहीस. म्हणून तू नसताना काय झालं ते लिहितो. त्यांनी तुला वेगळं सांगितलं असेल.

ऑफिसात त्यांचा आवाज चढलेला आम्हाला ऐकू येत होता. "कारखान्याने आपल्याला बाकं दिली आहेत, बाई!" एवढं स्पष्ट ऐकू आलं. एक पोरगा म्हणाला, "माझं बाक तर मोडकं आहे." सगळे हसले. मग कोणीच हसलं नाही, कारण पंपाच्या बरणीतला पहिला मासा तिरका झाला होता.

भुंगी घड्याळ बघून लिहीत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. दहा वाजून पाच मिनिटं, एक. दहा वीस, दोन. शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "काका, त्यांना त्या दुसऱ्या बरणीत टाका ना." मी टाकले. उरलेले तीन मी हाताने काढून नळाच्या पाण्यात सोडले. प्रयोग मोडला, हे मला कळतं. पण चाळीस पोरांच्या समोर आणखी तीन मारायला माझा हात धजेना. त्यातला एक जगला.

मग भुंगीने विचारलं, "पंपाचं पाणी असं कोणी केलं?"

मी म्हटलं, "मी."

 मी विहिरीचं सांगितलं, व्हॉल्व्हचं सांगितलं. साहेबांचं "खाली म्हणजे खाली" सांगितलं. एका मुलाने विचारलं, "मग तुम्ही रोज का उघडता?" मी म्हटलं, "भीती वाटते म्हणून." तो म्हणाला, "कोणाची?" मला एक नाव सांगता आलं नाही. 

आणि मग मधल्या सुट्टीची घंटा झाली, ताई, आणि ती सगळी पोरं पंपाकडे पळाली.

सगळी. ज्यांनी आत्ता दोन मासे मरताना पाहिले तीच. भुंगीसुद्धा, तिची बाटली हातात. तहान लागली होती, घंटा झाली होती आणि रोज घंटा झाली की तिकडेच जायचं असतं. एक दांडा मारतो, दुसरा ओंजळ धरतो. मी दारात उभा राहून बघितलं. त्यांना कळलं नव्हतं असं नाही. त्यांना कळलं होतं, पण दुसरं पाणी कुठे होतं?

मी ओरडलो. मी आयुष्यात कधी इतक्या मोठ्याने ओरडलो नव्हतो. दोन ओंजळी तिथेच सांडल्या. मी माझी बाटली आणि एक पेला त्या पंपाखाली भरून घेतला. मग खिशातला पान्हा काढला, पंपाच्या दांड्याचे दोन्ही बोल्ट सोडवले आणि दांडा खांद्यावर घेतला. मुख्याध्यापक धावत आले. "ही शाळेची मालमत्ता आहे," म्हणाले. मी म्हटलं, "हो, आणि ही पोरं कोणाची?" शिपायाने मला अडवायचं सोडून फाटक उघडून धरलं.

येताना मी कारखान्यात गेलो. सुट्टी होती तरी गेलो. साहेबांना म्हटलं, यापुढे मी व्हॉल्व्ह उघडणार नाही. ते म्हणाले, "बरं. किल्ली ठेव, उद्यापासून दुसरा उघडेल." राग नाही, काही नाही. नवी नळी मागवल्यासारखं बोलले. मला त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

म्हणून आता नुसता माझा राग पुरणार नाही, तुझी सही लागेल. बाटलीवर मी चिठ्ठी चिकटवली आहे: तारीख, वेळ, पंप, कोणी भरली. ती तपासणीच्या ऑफिसात द्यायची. सोबत अर्ज. त्यात विहीर कुठे आहे, व्हॉल्व्ह कुठे, नळी कुठून येते, ती मी कधी बसवली, सगळं मी लिहून काढलं आहे, चार पानं, माझ्या सहीने. खाली तुझ्यासाठी जागा सोडली आहे. अर्जात तू काय लिहायचं ते तू ठरव, पण बाटलीबद्दल लिही. निळ्या झाकणाच्या बाटलीबद्दल.

उद्या सकाळी मी आणि वेल्डरकाका हातगाडीवर आमच्या नळाचं पाणी आणतो, आठ कॅन. पोरांना पुरेल. परवाही आणू. किती दिवस, माहीत नाही.

दांडा माझ्याकडे आहे, आमच्या खाटेखाली. मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला आहे की तो संध्याकाळपर्यंत परत आला नाही तर ते तक्रार करतील. त्यांना सांग, अवश्य करावी, मलाही जबाब द्यायचाच आहे. आणि दांडाच हवा असेल तर घरी यावं. मी देतो. पंपावर भरून घेतलेला तो पेला मी झाकून ठेवला आहे. त्यांनी माझ्यासमोर बसून तो पूर्ण प्यावा, आणि दांडा घेऊन जावं.